आत्याच्या पेटीतलं पाकीट

१

रविवारी सकाळी साडेनऊला आत्यानं आजोबांचं पाकीट कात्रीनं कापलं, आणि आतून निम्म्या घराऐवजी खाकी कागदाचा तुकडा निघाला.

आम्ही चौघं होतो. आत्या पलंगावर. बाबा दारात. आई जिन्यातच थांबलेली, कारण वरच्या तीन पायऱ्या तिच्या गुडघ्यांना मान्य नाहीत. आणि मी पेटीला टेकून खाली बसलेली.

आत्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. त्यावर पेन्सिलीच्या दोन-तीन रेघा होत्या आणि एका कोपऱ्यात कात्रीनं घेतलेली खाच. अक्षर एक नाही.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"तूच सांग," आत्या म्हणाली.

पाकिटाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. खालचा मजला आजोबांनी बांधला, लोकांच्या खुर्च्या आणि सोफे शिवून. वरचा मजला आत्याच्या पगारातून झाला. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आहे. सात वर्षं तिनं दोन-दोन पाळ्या केल्या. घासून घासून तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की लहानपणी ती गालावरून हात फिरवायची तेव्हा मला वाटायचं, चमचा फिरतोय. मजला पूर्ण झाला तेव्हा आजोबांनी एक कागद केला. त्यावर तिघांच्या सह्या, आजोबांची, आत्याची आणि बाबांची. कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, जोडावर आडवी सही ठोकली आणि आत्याच्या हातात दिलं. "निम्मं घर तुझं. यात लिहिलंय." चोवीस वर्षं ते पाकीट पेटीत कुलुपात होतं.

आता आजोबांना जाऊन दोन वर्षं झालीत. बाबांना घर विकायचंय. गिऱ्हाईक तयार आहे, सोमवारी अकराला वकीलबाई कागद घेऊन येणार. पाकीट असेल तर आत्याला विचारल्याशिवाय वीटही हलणार नाही. नसेल तर तिनं वरच्या खोल्या रिकाम्या करायच्या. "तुला कुठंतरी भाड्याची एक खोली बघू," असं बाबा मागच्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाले होते, आमटी वाढ म्हटल्यासारखं.

आत्यानं कागद पलंगावर ठेवून दिला. तमाशा केला तो बाबांनी. गादी उचलली, कपाट उघडलं, पुस्तकं झटकली. "कागद गेला कुठं? कुणी घेतला?" त्यांचा आवाज चिरकला होता.

"नाटक पुरे," मी म्हणाले. "तुम्हालाच हवं होतं ना हे?"

बाबा वळले. कानाखाली बसणार असं वाटलं, पण त्यांनी फक्त बोट दाखवलं.

"या पेटीवर दिवसभर कोण लोळत असतं? विचारा तिला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आत्यानंसुद्धा.

२

मी शाळा सोडली त्याला दीड वर्ष झालं. गणिताच्या बाईंनी मला वर्गासमोर ढ म्हटलं, मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले ती आलेच. तेव्हापासून घरात काही हरवलं, फुटलं, करपलं की पहिलं बोट माझ्याकडे. सवय आहे. पण आत्याची नजर मला सहन झाली नाही. मला दात येत होते तेव्हा मी जिचं बोट चावायचे ती ही बाई.

म्हणून सगळे खाली गेल्यावर मी पेटीशी बसले.

ही पेटी आजोबांनीच केलेली. वर बसायला गादी, खाली सामान. आजोबा काम करायचे तेव्हा बारीक खिळे तोंडात धरायचे, दहा-बारा एकदम, आणि जिभेनं एकेक पुढं सरकवायचे. त्यामुळे कामाच्या वेळी त्यांच्याशी बोलायचं म्हणजे "हं" आणि "अंहं". मी चार वर्षांची असेन, मला वाटायचं आजोबा खिळेच खातात. त्यांच्यासोबत दुकानात काथ्याच्या ढिगावर बसून मी शेवया खाल्ल्यासारखं करायचे. ते हसायचे, पण ओठ मिटून, कारण खिळे. तसं हसणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

असो. कुलूप बघितलं. ओरखडा नाही. चावी एकच, ती आत्याच्या पर्समध्ये, आणि पर्स कारखान्यात तिच्याबरोबर.

मग पेटी आडवी केली. तळाला पातळ फळी, तिच्यावर काळं कापड, कडेनं बारीक खिळे. आणि तिथं मला दिसलं. प्रत्येक खिळ्याच्या शेजारी एक जुनं, रिकामं भोक. कुणीतरी तळ उघडला होता, हात घातला होता, आणि पुन्हा ठोकून ठेवला होता.

बाबा दहा वर्षांपासून पिनांची गन वापरतात. हातोडी घेतली तर त्यांचं मनगट दुखतं. आणि हे खिळे हातोडीचे, पण ठोकणारा नीट ठोकणारा नव्हता. लाकडावर चंद्रकोरीसारखे खड्डे पडले होते. हातोडी घसरली की पडतात ते. दोन खिळे तर वाकवून तसेच दाबलेले.

म्हणजे शिकाऊ हात. या घरात शिकाऊ हात एकच आहे, आणि तो आत्ता पेटीच्या तळावरून फिरत होता.

बाबांनी हे बघितलं असतं तर माझी धडगत नव्हती. मी पेटी गपचूप सरळ केली.

३

आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"तू घेतलास का गं?" तिनं मागं न बघता विचारलं.

"तू घेतलास का?" मी विचारलं.

"मी? मला वर चढायचं तर आधी अर्ज करावा लागतो गुडघ्यांकडे." तिनं ताट आपटलं. "मला लिफ्ट असलेलं घर पाहिजे, हे सगळ्या गल्लीला माहितीय. पण ताईंच्या पेटीत हात घालीन असं वाटतं तुला?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"विचारायचं असतं. पद्धत असते."

ती हसली. मग हात पुसून माझ्यासमोर बसली. "तुझे बाबा दोनदा जाऊन आले त्या वकीलबाईकडे. पहिल्यांदा आले तेव्हा तोंड एवढंसं. जेवले नाहीत. दुसऱ्यांदा आले तर माझ्यासाठी चपला घेऊन आले. लग्नानंतर पहिल्यांदा. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, ताईनं ते पाकीट एकदा उघडलं की सुटलो."

"उघडलं की?"

"हो. असंच म्हणाले."

मला ते खटकलं. ज्या पाकिटात निम्मं घर जाणार, ते उघडायची या माणसाला घाई का? उलट ते कधी उघडूच नये म्हणून त्यानं देवाची, भुताची, सगळ्यांची मनधरणी करायला हवी.

मी तशीच दुकानात गेले. बाबा एका ऑफिसच्या खुर्चीवर रेक्झिन ताणत होते. ठक, ठक, ठक, गन चालू. आजोबा त्या गनला टकळी म्हणायचे. म्हणायचे, बोलते फार, धरते कमी.

"बाबा, मी नाही घेतला."

ठक.

"तळाकडून उघडलीय पेटी. हातोडीनं. तुम्हीही नाही घेतला."

गन थांबली. "मोठी आलीस मला सोडून देणारी. मी कशाला घेऊ? माझ्याइतका तो कागद कुणाला हवा…"

आणि त्यांनी जीभ चावली.

"तुम्हाला हवा होता?" मी म्हणाले. "आत्याला घर देणारा कागद तुम्हाला हवा होता?"

बाबांनी गन उचलली, पण पिन कुठंच मारली नाही. "बाहेर जा," ते म्हणाले. "मला काम आहे."

४

बाहेर पायरीवर बसून मी विचार केला. राग आला की मला विचार करता येतो, लोकांचं उलटं असतं.

चोरी झाली आत्याची, आणि बोंब मारतात बाबा. कागदाची गरज आत्याला, आणि तो उघडायची घाई बाबांना. हे दोन्ही खरं असेल तर एकच अर्थ निघतो. कागदात जे आहे असं आत्याला वाटतं, ते कागदात नाही. बाबांना ते माहीत असणार, कारण त्यांची सही होती.

मग ज्यानं कागद काढला, त्यानं तो आत्याला बुडवायला काढलाच नाही.

हे समजल्यावर मी खिशातून तो खाकी तुकडा काढला, सकाळी पलंगावरून उचललेला. खाकी कागदावर आमच्याकडे नमुने कापतात, खुर्चीच्या एकेका भागाचे. पण हा कुठला? पाठीचा नाही, बैठकीचा नाही. लांबट, एका टोकाला निमुळता, आणि ती खाच. खुर्चीचा हात असावा. पण हात कधी असा तिरका कापत नाहीत.

एका खुर्चीचा सोडून.

मागच्या खोलीत नकाशेकाका राहतात, आमचे भाडेकरू. आयुष्यभर जमिनींचे नकाशे काढले, आता डोळ्यांनी साथ सोडलीय तरी दुपारी काहीतरी रेघा ओढत बसतात. त्यांचा उजवा खांदा वर उचलत नाही. म्हणून आजोबांनी त्यांच्या खुर्चीचा उजवा हात उतरता केला होता, टेबलाखाली जाईल असा. ती आजोबांची शेवटची खुर्ची. दुपारभर दोघं भांडत होते, उतार किती असावा यावर. नकाशेकाका अंश सांगायचे, आजोबा म्हणायचे, खांदा दाखव, अंश घाल चुलीत. मी मध्ये बसून काथ्या पिंजत होते. त्या दुपारी मला कुणी ढ म्हणालं नाही.

मी न विचारता आत गेले आणि नमुना त्या हातावर ठेवला. काठाला काठ बसला. खाच बरोबर खिळ्याच्या जागी आली.

नकाशेकाका खुर्चीतच होते. त्यांनी नमुन्यावर हळूच बोट फिरवलं.

"कुठं सापडला?"

"आत्याच्या पाकिटात. करार नव्हता, हा होता."

त्यांनी बोट मागं घेतलं. मग म्हणाले, "मी शब्द दिलाय, ठिणगी. मला काही सांगता येणार नाही." ठिणगी हे त्यांनीच मला ठेवलेलं नाव.

"कुणाला दिलाय शब्द?"

त्यांनी नमुना माझ्या हातात दिला.

"उद्या अकराला आत्या बेघर होणार आहे. तुम्ही पण होणार आहात. शब्द घेऊन कुठल्या फुटपाथवर बसणार?" माझा आवाज चढला होता.

नकाशेकाकांनी चष्मा काढला. "तू सांग," ते म्हणाले. "मी फक्त मान हलवीन. तेवढं शब्दात बसतं."

५

मी जमिनीवर बसले आणि सांगितलं.

"नमुना या खुर्चीचा आहे, म्हणजे तो पाकिटात गेला तो खुर्ची झाल्यावर. तीन वर्षांच्या आत."

मान हलली.

"चावी नव्हती म्हणून पेटी तळातून उघडली. तळ कसा निघतो हे ज्यानं पेटी केली त्याला ठाऊक. खिळे हातोडीनं ठोकले, पण हातोडी घसरत होती. मला वाटलं शिकाऊ हात. पण थरथरणाऱ्या हाताचीही हातोडी घसरते."

त्यांनी डोळे मिटले. मान हलली.

"आणि पाकीट." ते मी आत्याकडून मागून आणलं होतं. आत्यानं ते आखूड कडेनं कापलं होतं, जोडाची बाजू तशीच होती, आडव्या सहीसकट. "ही सही आजोबांचीच. शेवटचं अक्षर असं खाली ओढायचे ते. पण रेघ बघा. उंदीर पळाल्यासारखी आहे. चोवीस वर्षांपूर्वी त्यांचा हात असा नव्हता, घराच्या जुन्या पावत्यांवर बघा हवं तर, दोरीसारखी सरळ सही. हात थरथरायला लागला तो शेवटी-शेवटी. हे पाकीट नवं आहे. दुसरं कुणी बदललं असतं तर खोटी सही जुन्यासारखी, चांगली केली असती. थरथरती सही कोण खोटी करेल?"

नकाशेकाकांनी आता मान हलवली नाही. त्यांनी रुमाल काढला.

"आजोबांनीच घेतला," मी म्हणाले. "का घेतला?"

"तुला निम्मं समजलंच आहे," ते म्हणाले. शब्द-बिब्द सगळं विसरून त्यांनी सांगितलं. "त्या कागदात लिहिलं होतं की मुलीनं दिलेले पैसे ही घराला मदत आहे. घरावर तिचा हक्क नाही, आणि पुढंही ती हक्क सांगणार नाही. तिनं खाली सही केली होती. न वाचता."

"न वाचता कशी केली?"

"बाप म्हणतो निम्मं घर तुझं लिहिलंय, तर वाचायचं कशाला? तुमच्या घराची हीच खोड आहे, सगळ्यांची. ते पाकीट इतकं पवित्र करून ठेवलं की चोवीस वर्षं कुणी उघडलं नाही."

"पण आजोबा असं का…"

"भीती. उद्या हिचं लग्न होईल, जावई वाटा मागेल, मुलाचं छप्पर जाईल. कुणीतरी कारकुनानं सल्ला दिला. पुढं हिनं लग्नच केलं नाही. दर महिन्याला पगार आणून त्यांच्या हातावर ठेवत राहिली. माझी खुर्ची करत होते ना, तेव्हा एकदा तोंडातले सगळे खिळे काढून बशीत ठेवले आणि मला हे सांगितलं. तोवर माझ्याशी कामाच्या मध्ये कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर पेटी खाली आणली. मी धरली, त्यांनी उघडली. कागद फाडून खळीच्या डब्यात बुडवला, लगदा होईपर्यंत काडीनं ढवळत बसले. मग पाकीट जाड वाटावं म्हणून हातात होता तो नमुना घातला."

"आत्याला सांगायचं ना सरळ."

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, चावी मागितली तर ती का म्हणून विचारेल. आणि मग कुठल्या तोंडानं सांगू?"

मी उठले. माझ्याकडे चोर होता, कारण होतं, सगळं होतं. आणि पहिल्यांदाच ते कुणाला सांगावंसं वाटत नव्हतं.

६

सोमवारी सकाळी आत्यानं रजा घेतली होती. गॅलरीत ती केस विंचरत होती. या गॅलरीचा कठडा बांधत होते तेव्हाचं ती नेहमी सांगते. ओल्या सिमेंटवर पाणी मारायला ती पहाटे पाळी संपवून यायची, आणि आजोबा खाली चहाचे दोन कप घेऊन उभे असायचे.

"सापडला चोर?" तिनं विचारलं.

मी रात्रीपासून खोटं जमवून ठेवलं होतं. चांगलं होतं. उंदीर, वाळवी, सगळं होतं त्यात. पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला आठवलं, हिला आधीच एकदा तिच्या भल्यासाठी म्हणून खोटं सांगून झालंय.

"आजोबा," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं.

फणी तिच्या हातात तशीच राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "सही करताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय म्हणून."

"आत्या…"

"पाणी आलं असेलही." तिनं केस बांधले. "तुझ्या बाबाला बोलाव."

बाबा जिन्यातच होते. किती वेळ, देव जाणे. वर आले आणि दारात उभे राहिले, कालच्यासारखेच, पण काल दार भरलं होतं, आज अर्धं रिकामं वाटत होतं.

"तुला माहीत होतं," आत्या म्हणाली.

"मी बावीस वर्षांचा होतो ताई."

"आता शेहेचाळीसचा आहेस."

बाबांनी मान खाली घातली. "माझ्या तोंडानं सांगायला जड जात होतं. म्हटलं पाकीट उघडेल, कागदच सांगेल. वकीलबाई म्हणाल्या होत्या, कागद नसेल तर घर वडिलांच्या नावावर आहे, दोघांचं सारखं. तू सही केल्याशिवाय विकता येत नाही. तो कागद असेल तरच…"

"तरच मी नाही."

"हो."

"मला भाड्याची खोली कुठली बघितली होतीस?"

"बघितली नव्हती," बाबा म्हणाले. हे त्यांनी इतकं खरं सांगितलं की मला त्यांचा राग येता येता राहिला.

अकराला वकीलबाई आल्या. धापा टाकत वर चढल्या, पंखा लावायला सांगितला आणि विक्रीचे कागद टेबलावर मांडले. त्यांच्या मागोमाग आई आली, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीला शिव्या घालत. वरच्या तीनही पायऱ्या चढली आणि आत्याच्या पलंगावर बसली.

"इथं सही, इथं सही," वकीलबाई म्हणाल्या.

आत्यानं कागद गोळा करून त्यांना परत दिले. "विकायचं नाही. दुसरा कागद करायचाय. खालचा मजला आणि दुकान याचं, वरचा मजला माझा. मागची खोली जिवंत असेतो नकाशेकाकांची. आत्ताच लिहा, थांबते मी."

वकीलबाईंनी बाबांकडे बघितलं. बाबांनी आईकडे. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी एवढं चढून आले ते नाही म्हणायला नाही आले."

बाबा हळूच म्हणाले, "लिहा."

अर्धा तास लागला. वकीलबाई कच्चं लिहीत होत्या, आत्या खिडकीशी उभी होती, मी सगळ्यांना पाणी दिलं. नकाशेकाकांनी पाणी मागितलं नाही तरी त्यांना खाली नेऊन दिलं. परत आले तेव्हा वकीलबाई आत्यासमोर पेन धरून होत्या.

"आधी वाचा," आत्या म्हणाली. "मोठ्यानं."

वकीलबाईंनी वाचलं. तारखा, हद्दी, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला भिंत. मग आलं, "वरचा मजला, तीन खोल्या, गॅलरी आणि गच्ची, यांवर बहिणीचा संपूर्ण हक्क राहील, कारण ते तिच्या कष्टाच्या पैशातून बांधले आहे."

"तेवढं परत," आत्या म्हणाली.

वकीलबाईंनी परत वाचलं.

आत्या आणखी एकदा म्हणणार होती, मला तिच्या चेहऱ्यावरून समजलं. पण बाबांनी हात पुढं केला, वकीलबाईंकडून कागद घेतला, आणि तिसऱ्यांदा त्यांनी वाचला.